शुद्धीवर येण्याआधी

सोमवार, ३ मार्च

खोली मिळाली. आणि अशी मिळाली, की दादाला फोनवर सांगताना मलाच खोटं वाटत होतं.

बारा घरं पाहिली. प्रत्येक ठिकाणी खरं सांगितलं, की मला फिट येतात, गोळ्या चालू आहेत, गेल्या चौदा महिन्यांत एकही आलेली नाही. लोकांच्या कानात फिट तेवढी शिरते, चौदा महिने बाहेरच राहतात. एका बाईंनी तर मी पाणी प्यायलेला पेला दोन बोटांनी उचलून नेला. तेराव्या घरी काकूंनी दार उघडलं, माझं सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, की आकडी आली तर कुठल्या कुशीवर वळवायचं, डाव्या ना? मी बघतच राहिले. डॉक्टरीणबाईंखेरीज हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता.

खोली तर जणू माझं माप घेऊन केलेली. पलंग बुटका, पडलं तरी लागणार नाही असा. टेबलाच्या चारही कोपऱ्यांना जाड कापड गुंडाळून टाके घातलेले. न्हाणीघराला आतून कडीच नाही. काका चाळीस वर्षं औषधांच्या दुकानात होते; त्यांना सगळं कळतं, असं काकू म्हणाल्या. काका हसले आणि म्हणाले, सगळं नाही, नव्वद टक्के.

ही वही खरं तर फिट्सची नोंद ठेवायला आहे. नोंदवायला काही नाही म्हणून बाकीचंच लिहिते. असंच चालू दे.

बुधवार, ५ मार्च

बाइंडिंगच्या कारखान्यात दुसरा दिवस. छापून, घड्या घालून आलेले फर्मे एकावर एक लावायचे आणि दोऱ्याने शिवायचे, हे माझं काम. बोटांना सुईची भोकं पडली आहेत, पण हात बसतोय. मालक बोलायला फटकळ, मनाने बरे. मी फिटचं सांगितलं तेव्हा त्यांनी डोकं खाजवलं, खडू घेतला, कागद कापायच्या मशीनभोवती जमिनीवर मोठा गोल काढला आणि म्हणाले, ही लक्ष्मणरेषा. आत पाऊल टाकलंस तर फिट येवो न येवो, मी तुला झोडपीन.

संध्याकाळी काकांनी मला एक कार्ड करून दिलं. वळणदार अक्षरात: मला झटके येतात. घाबरू नका. तोंडात काही घालू नका. खालील नंबरवर फोन करा. नंबर त्यांचा. दादा फार लांब राहतो, त्याला कळून तो येईस्तोवर काय होणार, हे मलाही पटलं. कार्ड गळ्यातल्या दोरीला अडकवलंय. शाळेच्या सहलीला निघाल्यासारखी दिसते.

रविवार, ९ मार्च

आज जेवताना प्रश्नोत्तरं झाली. लोकांचे नेहमीचे प्रश्न मला पाठ आहेत. हा रोग लागट असतो का? नाही. वेड असतं का? नाही, मेंदूत विजेचा खेळ बिघडतो, एवढंच. हातपाय दाबून धरायचे का? अजिबात नाही. लग्न, मुलं? होतात, डॉक्टरांना विचारून. मी आपली पोपटासारखी बोलायला सज्ज होते. पण काकूंनी यातला एकही विचारला नाही.

त्यांनी विचारलं, की आकडी थांबल्यावर आणि पूर्ण शुद्ध येण्याआधी जो मधला वेळ असतो, त्यात मी कुठे असते. मला काही आठवत नाही, असं मी सांगितलं. मग तेव्हा मी बोलते का? बोलते म्हणे, दादा सांगतो, पण अर्थ नसतो त्याला. काकूंनी ताटातली बोटं तशीच ठेवली आणि विचारलं, अर्थ नसतो हे कशावरून.

काकांचे प्रश्न औषधवाल्याचे. फिट कशाने येते? गोळ्या चुकल्या, झोप झाली नाही, ताप आला की. एक गोळी चुकली तर? एखादीने बहुधा नाही, पण आठवडाभर बंद केल्या तर भरवसा नाही. किती वेळ चालली तर धोका? पाच मिनिटांवर गेली तर थेट दवाखाना. ते मान हलवत होते. मला वाटलं, बघा, माणसं अशी असतात. नीट समजून घेतात.

शनिवार, १५ मार्च

यांना मुलगी होती. तिलाही फिट येत. आज काकूंनी सांगितलं, भाजी निवडता निवडता, मान वर न करता. तिला चिंगी म्हणत. माझ्याच वयाची. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी तिचं आणि काकूंचं भांडण झालं. काकूंच्या तोंडून निघून गेलं, की तू एकदाची मेलीस तर मी सुटेन. चिंगी न्हाणीघरात गेली, कडी लावली. आत फिट आली. दार फोडेपर्यंत सगळं संपलं होतं.

म्हणजे ही खोली तिची. हा पलंगही. माझ्या अंगावर काटा यायला हवा होता, पण आली ती दयाच. मी काकूंचा हात धरला.

काकांनी माझ्यासाठी सात खणांची डबी आणली आहे. दर शनिवारी गोळ्या तेच भरून देणार, म्हणजे घेतली की नाही, हा घोळ नको. किती बरं झालं.

बुधवार, २६ मार्च

फिट आली. चौदा महिन्यांचा वनवास संपला म्हणायचं. सकाळी चहा घेताना पोटातून वर काहीतरी चढत आलं, तोंडात जुन्या नाण्याची चव आली, आणि मग काही नाही. डोळे उघडले तेव्हा डोकं काकूंच्या मांडीवर. जीभ चावलेली, अंग कुटून काढल्यासारखं. काकू केसांतून हात फिरवत होत्या. त्यांचा चेहरा असा दिसत होता, जसा परगावी गेलेलं आपलं माणूस अचानक दारात उभं राहिल्यावर होतो.

मी म्हटलं, गोळ्या रोज घेतेय, मग कशी आली? आणि हल्ली त्या कडूही लागत नाहीत. काका म्हणाले, कंपनीने वरचं आवरण बदललंय. त्यांना ठाऊकच असणार.

रविवार, ३० मार्च

परवा एक. आज दोन. दोन्ही वेळा शुद्धीवर आले ती काकूंच्या मांडीवर.

काका कारखान्यात जाऊन मालकांना भेटून आले. मला न विचारता. मशीनजवळ काही झालं तर तुमच्यावर येईल, असं सांगितलं म्हणे. मालकांनी निरोप पाठवला, की बरी हो, मग बघू. खडूचा गोल पुसला असेल आतापर्यंत.

डॉक्टरीणबाईंकडे जायचं म्हटलं तर काका म्हणतात, त्यांच्याशी फोनवर बोललोय, थोडे दिवस थांबायला सांगितलंय. माझा फोन त्यांच्याकडे आहे. स्क्रीनच्या उजेडाने त्रास होतो म्हणे. मला उजेडाने कधीच त्रास झालेला नाही.

गुरुवार, ३ एप्रिल

सगळं लिहिते.

सकाळी पुन्हा एक आली, म्हणून दुपारी आडवी झाले होते. स्वयंपाकघरातून माझा आवाज आला. मी पलंगावर, आणि माझा आवाज तिथे. जड, लडबडलेला. दाराच्या फटीतून पाहिलं. टेबलावर काकांचा फोन ठेवलेला आणि दोघं त्याच्यावर वाकून ऐकत होती. त्यातून मी आई म्हणत होते. मग काकूंचा आवाज, फोनमधला, विचारत होता, की चिंगे, रागावलीस का गं माझ्यावर? मग माझं घरघरणं. पुन्हा, आई. मग, पाणी.

काका म्हणाले, आज चार शब्द आले, त्या पहिल्या बुधवारी दोनच होते. काकू पदराने डोळे पुसत होत्या आणि हसत होत्या.

शुद्ध येताना कुणीही आईला हाक मारतं. माझी आई आहे. लांब आहे, पण आहे.

शुक्रवार, ४ एप्रिल

काकू आंघोळीला गेल्या, काका बाजारात. त्यांच्या कपाटात शिवणाच्या डब्याखाली माझ्या गोळ्यांच्या पट्ट्या सापडल्या. सगळ्या. तीन आठवड्यांतली एकही फोडलेली नाही. मग डबीत काय आहे? मी रोज दोन वेळा काय गिळतेय?

दोन गोळ्या तिथेच घेतल्या. एक पट्टी ब्लाउजमध्ये लपवली. माझा फोनही तिथेच होता. दादाला लावला. सगळं सांगितलं, एका दमात. तो लहान मुलाशी बोलावं तसा बोलायला लागला. काकांनी त्याला आधीच कळवलं होतं, की फार फिट्स आल्या की माणूस असा संशय घेतो, गोळ्या बदलल्या म्हणतो, वाद घालू नका. दादा म्हणाला, तुझं नशीब म्हणून अशी माणसं भेटली. त्यांच्या तोंडी लागू नकोस. त्याच्या आवाजात सुटका झाल्यासारखं काहीतरी होतं. ते मला कळलं. ते मला ऐकू यायला नको होतं.

शनिवार, ५ एप्रिल

पळाले. सकाळी काका न्हाणीघरात असताना, चपला हातात घेऊन. कारखाना पंधरा मिनिटांवर. मालकांना पट्टी दाखवायची, एवढंच डोक्यात होतं. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यापर्यंत पोचले. नाण्याची चव.

लोक फार चांगले होते म्हणे. कुणी तोंडात चमचा घातला नाही. एका बाईने डोक्याखाली आपली पिशवी ठेवली. इस्त्रीवाल्याने कुशीवर वळवलं. मग त्यांनी गळ्यातलं कार्ड वाचलं आणि नंबर लावला.

काका रिक्षा घेऊन आले. सगळ्यांना हात जोडून आभार मानले. त्या बाई त्यांना म्हणाल्या, असं काळजी घेणारं माणूस नशिबाने मिळतं. मला सगळं ऐकू येत होतं, पण जीभ वळत नव्हती.

पट्टी गेली.

मंगळवार, ८ एप्रिल

आता खोलीला बाहेरून कडी असते. माझ्याच सुरक्षेसाठी. कालपासून किती आल्या, मोजता येत नाही. ही वही गादीखाली ठेवते. त्यांना माहीत असेलही. काका म्हणतील, लिहू दे, जीव रमतो.

एक ठरवलंय. त्यांना चिंगी हवी आहे ना? देते. खोटी फिट करायची. मी स्वतःची कधी पाहिलेली नाही, पण दादाने नक्कल करून दाखवली होती एकदा, दोघं खूप हसलो होतो. मग डोळे मिटूनच बोलायचं. आई, मी रागावलेली नाही. आई, मी बरी आहे. आई, या मुलीला तिच्या घरी जाऊ दे.

उद्या सकाळी.

बुधवार, ९ एप्रिल

केली.

सगळं बोलले. आवाज जड काढला. काकू रडल्या. माझ्या कपाळावर त्यांचे अश्रू पडत होते. त्यांनी तीनदा विचारलं, खरंच रागावली नाहीस? मी तीनदा म्हटलं, नाही, आई. मला स्वतःलाही रडू आलं. वाटलं, सुटले. आणि त्याही सुटल्या.

मग त्यांनी माझं डोकं अलगद उशीवर ठेवलं, डोळे पुसले आणि काकांना म्हणाल्या, ही ती नव्हे. आमची चिंगी इतक्या सहजासहजी माफ करणाऱ्यातली नव्हती.

काका म्हणाले, ओठही निळे पडले नव्हते.

दोघं माझ्यासमोरच बोलत होती, मी तिथे नसल्यासारखी. काकूंचं म्हणणं, छोट्या आकडीत ती येते आणि तोंड उघडेपर्यंत हिची शुद्ध परत येते. हीच मध्ये येते. काका म्हणाले, मग लांबवावी लागेल. पाचाच्या पुढे.

मी हात जोडले. पाय धरले. काकूंनी मला उठवलं, केस मागे सारले. म्हणाल्या, तुला कुठे काय आठवणार आहे गं.

गुरुवार, १० एप्रिल

काल झोपू दिलं नाही. डोळा लागला की काका टाळी वाजवतात. रागावत नाहीत.

पाणी कडू. कशाचं, माहीत नाही.

खिडकीतून रस्ता दिसतो. इस्त्रीवाला वर बघून हात करतो. मी ओरडले. त्याने हात जोडले आणि मान खाली घातली. बिचारी, म्हणाला असेल.

शुक्रवार

सकाळी दोन. मधे शुद्ध आली की नाही —

काका मोजतायत. चार. काकू म्हणतात, अजून. काहीतरी बोलले मी. त्यांना आवडलं. काय बोलले, सांगत नाहीत.

माझ्या आईचा चेहरा आठवायला बसले. कपाळ आठवतं. मग काकूंचंच नाक येतं.

शुक्रवारच आहे का

पोटातून वर चढतंय. नाणं. लवकर लिहायला हवं. मी चिंगी नाही. मी बाइंडिंगच्या कारखान्यात फर्मे शिवते. मला एक दादा आहे. माझी आई लांब आहे, तिच्या हाताला नेहमी —

कडी निघाली. दारात आई उभी आहे.

आई नाही. काकू.

आई