स्टेशन इलेव्हनचा कॅप्टन, मुक्काम होसूर

४ जानेवारी, रविवार

आजपासून रोज लिहिणार. कारण राग. रूमवर आम्ही सहा जण, पाच जणांना मराठी येत नाही. शिवी दिली तर अर्थ सांगावा लागतो, आणि अर्थ सांगेपर्यंत राग निवतो. वहीला अर्थ सांगावा लागत नाही.

कंपनीनं डोकं फिरवलंय. ड्रेस बदलायच्या खोलीतला पंखा दिवाळीपासून बंद. सुपरवायझर म्हणतो मेंटेनन्सला सांग. मेंटेनन्स म्हणतो पर्चेसचं अप्रूव्हल आण. पर्चेस म्हणतो सेल्वम सर ठरवणार. सेल्वम सर म्हणजे प्लांट हेड. ते बेंगळुरूला मीटिंगला. मीटिंग कशाची, तर निर्णय फास्ट कसे घ्यायचे याची. देवाशपथ.

गाड्यांचे बंपर बनवणारी एवढी कंपनी, आणि एका पंख्याचं ठरत नाही! मी त्या खुर्चीत असतो तर एका मिनिटात. दहावीला दोनदा बसलो, दोन्ही वेळा गणितानं घात केला. पण निर्णयाला गणित लागत नाही. छाती लागते.

६ जानेवारी, मंगळवार

दौंडजवळच्या आमच्या केडगावहून इसहाकचा फोन. यंदा गावची टेनिस बॉल लीग ऑक्शननं होणार. प्रत्येक टीमला सारखे पॉइंट. खेळाडूचं नाव हौसराव मामा माइकवर पुकारणार, जो जास्त पॉइंट बोलेल त्याचा खेळाडू. फक्त कॅप्टन आपला आपण ठेवायचा. ऑक्शन २५ तारखेला, मॅचेस ६ फेब्रुवारीपासून.

आमची स्टेशन इलेव्हन. चार वर्षं कॅप्टन मी. इसहाक विकेटकीपर, आणि तसा माझा उजवा हात. तो चाचरत म्हणाला, सत्या, तू तिकडं तमिळनाडूत, आठशे किलोमीटरवर, ऑक्शनच्या टेबलावर बसणार कोण? यंदा कॅप्टनचं आपण जरा... मी तिथंच तोडला. विचारलं, कॅप्टन कोण? तो म्हणाला, तूच की लगा. विषय संपला. याला म्हणतात निर्णय.

दोन वर्षं झाली गाव सोडून. कट्ट्यावर माझ्या जागी आता दुसराच बसतो म्हणे. गावात माझं म्हणून ही कॅप्टनकी तेवढी उरलीय. ती पण देऊ?

९ जानेवारी, शुक्रवार

स्ट्रॅटेजी तयार. ग्रुपवर टाकली.

एक. माझ्या ओकेशिवाय कुणीही बोली लावायची नाही. इसहाक टेबलावर बसेल, मेसेज टाकेल, मी ओके देईन, मगच हात वर. देव जरी आला तरी ओकेशिवाय हात वर करायचा नाही.

दोन. सुरुवातीला पॉइंट घालवायचे नाहीत. बाजार उठताना भाजी स्वस्त मिळते, तसे शेवटी चांगले खेळाडू स्वस्तात मिळतात.

म्हाळूनं लगेच फाटा फोडला. म्हाळू आमचा फास्ट बॉलर, टेम्पो चालवतो, पहिलीपासून माझ्या बाकावरचा. विचारतो, तिथं दोन मिनिटात हातोडा पडतो, तुजं ओके कवा यायचं? मी लिहिलं, ज्याला शिस्त नको त्यानं टीम सोडावी. त्यानं अंगठा पाठवला. म्हणजे मान्य.

बहिणीला, वैष्णवीला, फोनवर भाजीचा मुद्दा समजावला. ती म्हणाली, दादा, बाजार उठताना भाजी सुकलेली असते. बायकांना स्ट्रॅटेजी कळत नाही.

१३ जानेवारी, मंगळवार

संताप. पोरांनी गावातल्या ख्रिस्ती मिशनच्या भिंतीवर बसून मला न विचारता मीटिंग घेतली. कोणकोण खेळाडू घ्यायचे ते हात वर करून ठरवलं. पाच मिनिटात! हात वर करून काय ठरतं? उद्या हात वर करून आईबाप ठरवाल. सगळं पेंडिंगवर टाकलं. इसहाकनं विचारलं, पेंडिंग म्हंजी व्हय का न्हाई? मी म्हणालो, पेंडिंग म्हणजे विचार चालू आहे. तो म्हणाला, कुणाचा?

फोन ठेवला. मोठ्या माणसानं सगळ्याला उत्तर देऊ नये.

१४ जानेवारी

संक्रांत. गोड बोला म्हणे. कुणाशीच बोललो नाही.

१८ जानेवारी, रविवार

मॅचेससाठी सुट्टीचा अर्ज काल सुपरवायझरकडे दिला. म्हणाला, सेल्वम सर देखेंगे. म्हणजे पंख्याच्या मागं माझा नंबर.

गेल्या वर्षीच्या फायनलवरून म्हाळूनं ग्रुपवर पुन्हा काडी टाकली. मी चौदा बॉल खेळून सात रन केले म्हणून. एक बाजू लावून धरणं काय असतं हे टेम्पोवाल्याला काय कळणार? शेवटी टीम हरली ती दुसऱ्या बाजूमुळं.

२४ जानेवारी, शनिवार

बोर्डावर नोटीस. उद्या रविवारी सगळ्यांना ओव्हरटाइम, माल अर्जंट. सुपरवायझरला सांगितलं, कल मेरा जरूरी काम है, ऑक्शन है. तो म्हणाला, आयपीएल में बिक गया क्या रे? सगळी लाइन हसली. माझ्या हातात तेव्हा बंपर होता म्हणून, नाहीतर.

आत जाताना मोबाइल गेटवर जमा करावा लागतो. पण घाबरायचं कारण नाही, प्लॅन बी आहे. जेवणाच्या सुट्टीत गेटवर जाऊन मोबाइल मागायचा आणि एकदम सगळी ओके देऊन टाकायची. इसहाकला यातलं काही कळवलं नाही. उगीच पोरांचा धीर सुटतो.

२५ जानेवारी, रविवार

वॉचमननं मोबाइल दिला नाही. शिफ्ट छूटने के बाद. पाया पडलो (म्हणजे चपलेचा अंगठा नीट करायला वाकलो होतो). नाहीच दिला.

सुटल्यावर गेटवर उभा राहून मेसेज वाचले. सगळे इसहाकचे. वरून खाली.

हौसराव मामा माइकवर सांगत्यात, जो टेबलावर न्हाई तो कॅप्टन न्हाई. माझं नाव कॅप्टन लिवलं, तुझं बोलीत टाकलं. चालंल का? ओके दे.

म्हाळूचं नाव आलं. ओके दे.

आरं ओके दे, पृथ्वीराज वाढवतोय.

म्हाळू गेला.

पृथ्वीराज म्हणजे जेसीबीवाला, किंग्जचा मालक. आमचा म्हाळू, पहिलीपासूनचा, त्याच्या टीमला. पुढं वाचलं.

सत्या, तुझं नाव पुकारलंय. सगळ्यात कमी पॉइंटला. कुणी बोलंना. घेऊ का? ओके दे.

एक वार झालं.

लगा, दोन वार झालं.

त्याच्याखाली काहीच नाही.

फोन लावला आणि आधी पोटभर शिव्या घातल्या. म्हणालो, अरे गाढवा, माझ्यासाठी माझं ओके लागतं का? तो म्हणाला, तूच लिवलं व्हतंस, देव जरी आला तरी हात वर करायचा न्हाई. म्हणून हात मांडीखाली दाबून बसलो. मग म्हणाला, हौसराव मामांनी तुझ्यासाठी हातोडा लई येळ वर धरला व्हता रं.

त्यानंतर म्हणे त्यानं मोबाइल खिशात घातला आणि बाकीचे खेळाडू आपल्या मनानं घेतले. मनानं! शिस्तीची ही किंमत.

आज लीगमध्ये जवळजवळ सगळे विकले गेले. हौसराव मामांचा भाचासुद्धा गेला, त्याला तर चष्मा आहे.

२६ जानेवारी

झेंडावंदन. लाडू. लाडू खाल्ला नाही. ग्रुप सोडला. इसहाकनं मला परत घेतलं. पुन्हा सोडणार होतो, पण रेंज नव्हती.

२८ जानेवारी, बुधवार

नवी स्ट्रॅटेजी. कुणी खेळाडू जखमी झाला तर न विकलेल्यातला घेता येतो, असा नियम आहे. म्हणजे मैदानावर नुसतं हजर पाहिजे. इसहाकला विचारलं. म्हणाला, ये की, कुणी ना कुणी पाय मुरगाळून घेतंयच. तुझा ड्रेस धुवून ठिवतो.

आता सगळं सुट्टीवर अडलंय. अर्ज देऊन किती दिवस झाले, हलत नाही. एका माणसाच्या सहीवर एका टीमचं भविष्य लटकलंय आणि त्या माणसाला पत्ता नाही. अशा लोकांना खुर्चीवर बसवतंच कोण?

३० जानेवारी, शुक्रवार

सेल्वम सर आज स्वतः लाइनवर आले. मी समोर जाऊन उभा राहिलो. सर, लीव्ह. त्यांनी विचारलं, होम? मी म्हणालो, होम सर, दौंड, पुणे. अर्ज मागवून घेतला, माझ्याच मशीनवर ठेवून सही केली. म्हणाले, गो मॅन, गो. पाठीवर थाप मारून पुढं.

एक मिनिट लागला नाही. चौकशी नाही, विचार नाही, का जातोस, किती जण कमी पडतील, काही नाही! असे निर्णय घेतात का? अशानं कंपनी बुडेल.

२ फेब्रुवारी, सोमवार

बेंगळुरूहून दौंडची गाडी आहे. तिकीट मिळत होतं. काढलं नाही. बंपरचा नवीन साचा, म्हणजे मोल्ड, आलाय, माझ्याशिवाय लाइन अडेल.

मोल्ड पुढच्या महिन्यात येणार आहे.

न विकलेला माणूस दौंडला उतरून काय म्हणणार, कोण म्हणून आलो? हे वाक्य मी लिहिलेलं नाही.

५ फेब्रुवारी, गुरुवार

सुट्टी सुरू. रूमवर पडून आहे. रूमवरच्या पोरांना सांगितलं ताप आहे. वैष्णवीला सांगितलं, सेल्वम सरांनी सही केली नाही. ती म्हणाली, लई वाईट माणूस दिसतोय. मी म्हणालो, इतका पण नाही.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

मॅचेस यूट्यूबवर लाइव्ह. पहिली मॅच जिंकलो. म्हणजे ते जिंकले. कॉमेंट्रीला हौसराव मामा. इसहाक दर ओव्हरला सगळ्यांना गोळा करतो, विचारतो, मग आपणच ठरवतो. मैदानात कुठं सभा भरवतात का? राग येऊन मोबाइल बंद केला. टॉस कुणी जिंकला बघायला चालू केला, तर दुसरी मॅच पण जिंकलेली.

दुसऱ्या मॅचमध्ये एकाचा पाय मुरगाळला. त्याच्या जागी हौसराव मामांचा दुसरा भाचा.

८ फेब्रुवारी, रविवार

फायनल. समोर किंग्ज. शेवटची ओव्हर म्हाळूची, आठ रन पाहिजेत, बॅटिंगला इसहाक. म्हाळू पहिला बॉल पायात टाकतो, हे जगात दोघांना माहीत, मला आणि इसहाकला. रूमवर उभा राहून ओरडलो, पुढं सरक, पुढं! तो आधीच सरकलेला होता. सिक्स. पुढच्या बॉलला दोन.

हरलेला म्हाळू पळत जाऊन इसहाकच्याच गळ्यात पडला. मग सगळेच पडले. लाइव्ह दाखवणारा मोबाइलवाला धावत जवळ गेला, त्यामुळं पुढचं काही नीट दिसलं नाही. खाली लोकांचे मेसेज येत होते. मी पण लिहिलं, कॅप्टन एक नंबर. पाठवल्यावर बघितलं, लोकांना वाटणार मी माझ्याबद्दलच लिहिलंय.

१० फेब्रुवारी, मंगळवार. सकाळ

वैष्णवीनं फोटो पाठवला. स्टेशन चौकात अभिनंदनाचा फ्लेक्स लागलाय. मधे इसहाक, हातात ट्रॉफी, डोळ्यावर कुणाचा तरी गॉगल. दोन्ही बाजूला टीम. खाली बारीक फोटोंची रांग, त्यावर लिहिलंय शुभेच्छुक. किराणावाले, सलूनवाले, केबलवाले आणि मी. नाव बरोबर छापलंय. पुढं कंसात होसूर.

दोन बोटांनी मोठा करून बघितला. फोटो बरा आलाय.

स्टेटसला ठेवायचं ठरवलं. शुभेच्छुक हा शब्द कापून ठेवू म्हटलं. वरून कापला तर ट्रॉफी जाते. खालून कापला तर मी जातो. कडेनं कापून बघितला, तर मी आणि सलूनवालाच राहतो. ट्रॉफी आणि मी एका चौकटीत कसे पण येत नाही.

शेवटी आख्खाच ठेवला.