कसरीनंतरचा शिक्का

दादा,

सकाळपासून जिवाला चैन नाही. तू संग्रहालयाला विकायला काढलेली फारसी पोथी तपासणीला माझ्याच टेबलावर आली. भावाची आहे म्हणून सांगितलं, तर साहेब म्हणाले, "मग जास्तच डोळ्यांत तेल घालून बघा."

कागद अजून घोटीव, सोनेरी चौकटी शाबूत. फक्त मागचा कोपरा कसरीच्या किड्यांनी पोखरलाय. आजोबांच्या मालकीचा पुरावा म्हणून तू दाखवतोस तो शिक्का तिथेच, शेवटच्या पानावर आहे. फारसी पुस्तक आपल्या उलट बाजूने उघडतं, शहाण्या. तू पहिलं पान समजून उमटवलास. तेवढ्यावर मी गप्प बसलेही असते. पण शिक्क्याची शाई कसरीच्या भोकांतून खालच्या पानावर उतरलीय, आणि कसर लागली ती आजोबा गेल्यावर, आपल्या माळ्यावर.

काल पूर्वी आपल्या शेजारी राहणाऱ्या फारसीच्या मास्तरांची नात आली होती. "माझ्या आजोबांनी घर सोडताना पोथी तुमच्याकडे सांभाळायला ठेवली, एवढंच ऐकलंय. पुरावा कुठून आणू, ताई?" मी उठून खिडकी लावली, पुन्हा उघडली.

अहवाल आज द्यायचाय. हे पत्र आधी तुला पोचलं तर तू धावत येशील, लाडीगोडी लावशील आणि पोथी घरी नेशील. मी विरघळेन, हे तुलाही ठाऊक आहे. म्हणून पत्र राहू दे माझ्याकडेच. अहवाल साहेबांच्या हातात देते, मग तुला फोन करते.

उचलशील ना?

तुझी,
बबडी