बुरुजावरून दिसलेलं घर

प्रिय सल्वा,

हातात चहा असेल तर आधी बाजूला ठेव. मी रागात आहे, आणि राग लपवायचं माझं वय आता राहिलेलं नाही.

परवा मी रिबाट किल्ल्याच्या बुरुजावर चढले. हो, मीच. आपल्या सूस गावातल्या माणसाने तिकडे फिरकायचं नसतं, तो बुरूज परदेशी पाहुण्यांसाठी. आपल्या लहानपणी तर वर जाणं म्हणजे शेजारणींच्या गच्च्यांवर डोकावणं, आणि तसं करणाऱ्या पोराला गल्लीभर शिव्या बसायच्या. आई चादरी नेहमी बुरुजाच्या बाजूनेच वाळत घालायची, आठवतं? त्यांच्या आडोशाला आपण उन्हात केस विंचरत बसायचो. पण माझी नवी सून इबतिसाम पडली परगावची, कैरवानची. तिने हट्टच धरला. "आई, जन्म या बुरुजाखाली काढलात आणि वर एकदाही नाही? लोक हसतील मला." गेले बाई. गुडघे वाटभर मला बोल लावत होते. वरचा पहारेकरी म्हणाला, "आजी, बसा, दम खा. समुद्र कुठे पळून जात नाही."

समुद्र मी पाहिलाच नाही. उंचावर गेलं की माणूस आधी आपलं घर शोधतं, आणि आपलं आई-अब्बांचं घर तर पडलेलं होतं. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळी हिवाळ्यात लामीन माझ्याकडे येऊन ढसाढसा रडला होता. सज्जा कोसळला, छप्पर गेलं, दाराला कुलूप घातलंय, आत पाऊल टाकलं तर जीव जाईल. धाकटा भाऊ, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाला, "सल्वाने तिकडे फ्रान्समधून, मार्सेयहून सही पाठवलीसुद्धा, तूच राहिलीस." मग मीही पडक्या घरातला माझा वाटा त्याच्या नावे करून दिला, वर त्याला मासे घालून कुसकुस खाऊ घातला. तेव्हापासून बाजारात जाताना त्या दाराशी थांबते आणि कुलुपाला हात लावते. वेडी म्हण हवं तर.

सल्वा, छप्पर जिथल्या तिथे आहे. सज्जा आहे. अंगणातलं लिंबाचं झाड आहे. निळ्या फरशा संपल्या म्हणून अब्बांनी लावलेला तो हिरवा पट्टाही आहे. फक्त चादरी नाहीत. त्यांच्या जागी पिवळ्या छत्र्या, टेबलं, आणि उघड्या दंडांचे पाहुणे आईच्या गच्चीवर बसून अंडी खाताहेत. पहारेकऱ्याला विचारलं, तर तो कौतुकाने सांगायला लागला, "ते होय? फार नामी पाहुणेघर, आजी. मागच्या गल्लीतून, सुताराच्या जुन्या दुकानातून आत जातात. मालक देवमाणूस." मी म्हटलं, "तुझा देवमाणूस माझ्या मांडीवर मुतलाय."

आपल्याकडचं घर बाहेरून म्हणजे नुसती भिंत आणि दार. दार बंद ठेवलं की जगाला ते मेलं. बहीण कधी बुरुजावर चढेल, हे लामीनच्या स्वप्नातही आलं नसेल. चोर परका असता तर मी वरूनच ओरडून गाव गोळा केलं असतं. सख्खा निघाला, म्हणून दातओठ खात उभी राहिले.

तेवढंच असतं तर हे पत्र लिहिलं नसतं, लामीनच्या दारात जाऊन त्याची पूजा बांधली असती. पण इबतिसामने फोनवर फोटो काढला आणि बोटांनी मोठा करून दाखवला. "आई, तुमच्या भावाशेजारी ह्या कोण?" खुर्चीवर पाय वर घेऊन, चहाचा पेला गुडघ्यावर टेकवून तू बसली होतीस. तू इथे आहेस, माझ्या घरापासून चार गल्ल्यांवर, आणि मला पत्ता नाही. म्हणून या पाकिटावर तिकीट नाही, इबतिसाम ते सुताराच्या दुकानातून आत देईल. उद्या सकाळी मी त्याच वाटेने येणार आहे. घर पडलं असं तुलाही सांगितलं असेल, आणि तू आत्ता येऊन खरं पाहिलं असशील, तर दार तू उघड. पहिल्यापासून तुला सगळं ठाऊक असेल, तर लामीनला उघडू दे. मी काही विचारणार नाही, आल्या पावली परत जाईन.

उद्या सकाळपर्यंत तरी तुझीच,
मनूबिया