माता भेटीस येत नाही

माय, नोकरीच्या कागदांत माझ्या जन्मतारखेचा घोळ निघाला, म्हणून परभणीच्या बालगृहातल्या माझ्या जुन्या फाईलची नक्कल मी मागवून घेतली. तारीख सापडली, आणि तिच्याखाली तू सापडलीस. 'माता ऊसतोड मजूर. पतीच्या निधनानंतर दुसरा विवाह केला आहे. बालिकेचा स्वेच्छेने त्याग केला आहे.' खाली तुझा अंगठा. तो कशावर उमटवतेयस, हे तुला कुणी वाचून दाखवलं नसणार. पुढच्या वर्षीच्या पानापासून आणखी एक ओळ: 'माता भेटीस येत नाही.'

मला तो दिवस आठवतो. मी सात वर्षांची होते. आदल्या हंगामात फडात उसाची ट्रॉली मागं आली आणि मी चाकापासून हातभर अंतरावर झोपलेली होते. तेव्हापासून तू मला फडावर न्यायला भ्यायचीस. आपल्या बोरीच्या स्टँडवरून एसटीनं आपण तिघं निघालो, तू, मी आणि मामा. ऑफिसात मामा खुर्चीवर बसलाय, तू खाली फरशीवर, आणि टेबलामागचे साहेब सगळं मामालाच विचारतायत. साहेबांनी मामालाच तुझा नवरा धरलं असणार; तुझं दुसरं लग्न बहुतेक तिथंच, कागदावर लागलं. फाटकापाशी तू माझी वेणी पुन्हा घातलीस, घट्ट, आणि म्हणालीस, "कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम सरला की येते बघ मी. तवर शाळा शिक. रडायचं न्हाई."

आणि हंगाम संपला की तू यायचीस. उन्हाळ्यात दर पंधरवड्याला, फडक्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून. भेटीचा वार रविवार होता. तू बाजाराच्या दिवशी यायचीस, कारण गावातून जीप त्याच दिवशी मिळायची. वार चुकला म्हणून अधीक्षिकाबाई भेटीच्या वहीत नाव घालत नसत. व्हरांड्यात थोडा वेळ बसू द्यायच्या, ती त्यांची दया. तू गेलीस की त्याच बाई पंगतीत म्हणायच्या, "आईनं टाकलेली पोर आहे, तिला जास्तीचं वाढा." चांगल्या मनानंच म्हणायच्या त्या. तोंडात तुझी भाकरी असायची, तरी ऐकून ऐकून मला ते खरं वाटायला लागलं.

आता मी उपकेंद्रात नर्स आहे. महिनाअखेरीला रिकामे रकाने कसे भरतात ते मला चांगलं ठाऊक आहे. तुझ्याशी कुणाचं वैर नव्हतं. कुणीतरी घाईत तीन ओळी लिहिल्या, आणि पुढच्या प्रत्येकानं दरवर्षी त्याच उतरवून काढल्या. मी त्या दुरुस्त करा म्हणून बालगृहाच्या ऑफिसात अर्ज दिला.

"ताई, पुरावा काय हाय तुमच्याकडं?" टेबलापलीकडच्या मुलीनं विचारलं. तिचा मला राग आला नाही, तिनं माझ्यासाठी चहा मागवला होता.

"मी हाय की. मी खाल्लीय ती भाकर."

"तसं न्हाई ओ. कागद लागतो."

भेटीची वही वाळवीनं खाल्ली होती. खाल्ली नसती तरी तिच्यात तू नव्हतीसच. मामाही आता नाही. बऱ्याच महिन्यांनी उत्तर आलं: मूळ नोंदीत बदल करता येणार नाही, आपला अर्ज दप्तरी दाखल करण्यात आला आहे. मी पुन्हा गेले तेव्हा त्या मुलीनं समजावलं, "फाईलच्या मागं लावलाय तुमचा अर्ज. कुणी फाईल बघितली तर त्यो बी बघतील."

"कोण बघणार हाय?"

तिनं फाईल मिटली आणि परत कपाटात ठेवली.

माय, अर्जात मी सगळ्या खोट्या ओळी एकेक करून लिहिल्या होत्या. एक ओळ सोडली. मी चौदाची असताना तू मला न्यायला आली होतीस. बोरीतच एकाच्या शेतात सालभराचं काम मिळालं होतं, फडावर जायची गरज उरली नव्हती. बालकल्याण समितीपुढं अधीक्षिकाबाईंनी मला विचारलं, जायचंय का आईकडे? तू दाराशी उभी होतीस, नव्या लुगड्यात, पदर दोन्ही हातांनी धरून. मी तुझ्याकडं न बघता "न्हाई" म्हणाले. 'बालिका मातेकडे जाण्यास इच्छुक नाही.' खाली माझी सही आहे, शाळेत गिरवलेली, वळणदार. तू वाद घातला नाहीस. बाईंना हात जोडलेस आणि गेलीस, ते बोरीचं काम सोडून परत टोळीबरोबर फडावर. पट्टा पडायच्या आधीच मुकादमाचा निरोप आला, तापानं गेली म्हणून.

तू एवढं सगळं ऐकून काय म्हणाली असतीस, याचा मी अंदाज करत नाही. हे पत्र कुठं द्यायचंही नाही. अर्जाला जोडता आलं असतं, जोडलं नाही. माझी लेक आता चौदाची आहे. आजीची फाईल बघायची म्हणून परवा तिनं हट्ट धरला. तिच्या हातात देण्याआधी माझ्या सहीचं पान मी काढून घेतलं, आणि फाईल एवढीच आहे म्हणून सांगितलं.