खोडलेली चित्रकला

जानकीपुरम, लखनौ

चि. अनुप, आशीर्वाद.

नेत्राचा नववीचा विषय निवडीचा फॉर्म माझ्या सहीसाठी पाठवताना तू त्यातली चित्रकला परस्पर खोडलीस, म्हणून हे पत्र. फोनवर तू "आई, नंतर बोलू" म्हणतोस. कागद तरी पुरता वाच.

चित्रांपायी गणित बुडतं, हे तुला कोणी सांगितलं? पोरीला भूमितीतल्या आकृत्या डोळ्यांपुढे आणता येत नव्हत्या. महिनाभर गच्चीत बसून तिने समोरची पाण्याची टाकी काढली. आता घनफळाची गणितं एकटी सोडवते.

तू आणि देवयानी पोस्टिंगवर गेलात तेव्हा नेत्रा दोन महिने जेवताना अक्षर बोलत नव्हती. बोलली ती टाकीचं चित्र पुढे करून, "आजी, देखो ना, सीढ़ी टेढ़ी लग रही है?" हे तुला ठाऊक नाही, कारण तू कधी विचारलंच नाहीस.

देवयानीचा खोकला थांबला का? तिला काढा करून दे.

इथे नेत्राची पालक मी आहे. आज शाळेत दिला: नवा फॉर्म, चित्रकलेसकट, सही माझी. तुला परत: खोडलेला फॉर्म. मागच्या कोऱ्या बाजूवर नेत्राने टाकी काढली आहे. शिडी सरळ आली आहे.

आई