वाळवणातला कॉम्प्युटर

इंदिरानगर, नाशिक

प्रिय वेदिका,

हरलीस तू. अक्षय तृतीयेच्या आत माझा घरगुती कॉम्प्युटर चालला नाही, तर घराला कुलूप लावून मी कायमची हैदराबादला तुझ्याकडे यायचं, असं ठरलं होतं ना? काल तो चालला. मी नाशिकलाच राहणार. हे फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू मधेच ‘आई, ऐक ना’ म्हणतेस आणि मग मीच ऐकत बसते. पत्रात तुला ती सोय नाही.

काय करतो विचारशील, तर बेरीज करतो. दोन आणि दोन दाबले की लाल दिव्यांत चार उमटतो. तुझ्या मोबाईलला हसू येईल. पण त्याची एकूण एक तार आम्ही हातानं ओढली आहे. मायक्रोप्रोसेसर तोच, जो मी पॉलिटेक्निकात जन्मभर शिकवला. लॅब मोडीत निघाली तेव्हा बाळाजीकाकांनी जुन्या चिपा वाचवून सिन्नरला घरी ठेवल्या होत्या. माझ्या शेजारच्याच वर्गात शिकवायचे ते, तुला आठवत असतीलच. तुझ्या बाबांना पाठदुखी होती म्हणून तुला सायकल शिकवायला मैदानात तुझ्यामागे तेच धावले होते. उज्ज्वलावहिनी गेल्यापासून त्यांचंही घर ओसच आहे. मी नुसतं म्हटलं, यंत्र बांधायचं मनात आहे, तर दुसऱ्याच दिवशी स्टीलच्या डब्यात चिपा घालून एसटीनं हजर.

त्यांतल्या काही चिपांना वर काचेची छोटी खिडकी असते. आतलं जुनं लिखाण पुसायचं तर ती खिडकी आठवडाभर कडक उन्हात धरावी लागते. म्हणून गच्चीवर शेजारच्या मालनबाईंच्या कुरडयांच्या कडेला मी ताटलीत चिपा मांडल्या. मालनबाई सायखेड्याच्या, त्यांना वाळवणातलं सगळं कळतं. ताटली निरखून म्हणाल्या, ‘ताई, ह्या तळायच्या का भिजवायच्या?’ बाळाजीकाका इतके हसले की कावळे हाकलायची काठी त्यांच्या हातातून पडली. इतकं हसताना मी त्यांना पुष्कळ दिवसांनी पाहिलं. खरं सांगायचं तर स्वतःलाही.

सगळं जोडलं आणि यंत्र काही चालेना. चालायचं, थांबायचं, वाटलं तर परत चालायचं. आधी मंगळवारी येणारे काका मग रोजच येऊ लागले. त्यांचा चष्मा आपल्या फ्रिजवर राहायला लागला. परवा फोनवर मागे कोण खोकलं म्हणून विचारलंस आणि मी टीव्ही म्हटलं. टीव्ही बंद होता. तृतीया जवळ येत चालली तशी माझी झोप उडाली. तुझ्याकडे मला काही कमी नसतं ग, पण तिथे मी दुपारभर तुमची वाट बघते. इथे मला दुपार पुरत नाही.

काल मालनबाई कुरडया घेऊन आल्या. आमचे पडलेले चेहरे बघून म्हणाल्या, ‘याला नजर लागली हाय. येणारा-जाणारा बघतो, लागणार नाय तर काय?’ आणि मीठमोहरी मुठीत घेऊन चक्क यंत्राची दृष्ट काढायला लागल्या. आम्ही हसू दाबून उभे. पण मूठ जवळ आली की यंत्र चालून दिवे लुकलुकायचे, लांब गेली की थांबायचे. तीनदा तसंच झालं. आम्ही एकमेकांकडे बघितलं आणि दोघांनी एकदम यंत्रात डोकं घातलं. प्रोसेसरला थांबवणारी एक पिन कुठेच न जोडता मोकळी राहिली होती. अशी पिन माणसाचा हात जवळ आला तरी बिथरते. मला वाटलं ती काकांनी जोडली, त्यांना वाटलं मी. याच चुकीसाठी आम्ही दोघांनी पोरांचे किती मार्क कापले असतील. एक तार जोडली आणि यंत्र सुरळीत सुरू झालं. श्रेय अर्थातच मालनबाईंना. आज बिल्डिंगमधली दोन पोरं आणि एक बंद पडलेला मिक्सर दृष्टीसाठी त्यांच्या दारात आले होते.

आता पत्राचं खरं कारण. चार उमटल्यावर काका, काम संपलं, आता रोज यायला निमित्त काय, असं म्हणून डबा पिशवीत भरायला लागले. मी म्हटलं, बाळाजी, निमित्त कशाला हवं, लग्न करू. आजवर त्यांना नुसतं नावानं हाक मारली नव्हती. त्यांनी डबा परत टेबलावर ठेवला, चष्मा पुसला आणि म्हणाले, वेदिकेच्या बाबांचा फोटो बैठकीत आहे तिथेच राहील. हाच त्यांचा होकार. मी फार आनंदात आहे, वेदिका, आणि तू गप्प बसशील या विचारानं घाबरलेही आहे. रजिस्टर लग्नाला तीन साक्षीदार लागतात. त्यांचा मुलगा योगेश तयार आहे, मालनबाईंनी तर पातळही काढून ठेवलंय. तिसरी सही मी तुझ्यासाठी राखली आहे. त्यांना काका म्हणत आलीस, काकाच म्हण. सही करावीशी वाटली नाही तर करू नकोस, नुसती जेवायला ये. पण ये.

वाटेकडे डोळे लावून बसलेली,
तुझीच
आई