नागिणीसाठी लावलेलं झाड

१५ मे, गुरुवार
आज बी पेरलं. एकच. एका बीचे बारा डॉलर. एवढ्यात मेथी-कोथिंबिरीचं वर्षाचं बियाणं आलं असतं. रेवा म्हणाली, "आई, बीचा हिशेब नको करूस, याच्या दुकानातल्या तयार तेलाच्या बाटलीचा कर." बाटली पासष्टला, दोन आठवडे पुरते. बी मातीत दाबलं.

यांना जानेवारीत नागीण उठली. फोड वाळून गेले, आग गेली नाही. डाव्या बरगडीवर सदरा टेकवत नाही. माझी जुनी सुती साडी फाडून गुंडाळते, तेवढी सोसते. डॉ.ची गोळी घेतली की गरगरतं. गेल्या आठवड्यात बाथरूममध्ये पडले. तेव्हापासून अर्धीच घेतात. अर्ध्या गोळीने अर्धंही दुखणं जात नाही.

झाड गांजाच्याच जातीचं. रे. म्हणते, "हे सीबीडीचं, यात नशा नाही, दुखण्यावरचं तेवढं आहे." पण जात तीच ना. तिने डॉ.ना विचारलं होतं. करून बघा म्हणाले, चक्कर वाढली तर बंद करा.

यांना "औषधी झाड आहे" एवढंच सांगितलं. खोटं नाही. पुरतं खरंही नाही.

१९ मे, सोमवार
उगवलं. दोन पानं, बीचं टरफल डोक्यावर टोपीसारखं. हात लावला नाही.

मॅसॅच्युसेट्समध्ये घरी लावायला मुभा आहे, पण रस्त्यावरून दिसता कामा नये आणि कुलूप पाहिजे. जावयांनी घरामागच्या लाकडी डेकच्या मागे जाळी ठोकून दार केलं. किल्ली देव्हाऱ्यात, समईमागे ठेवली.

रात्र वाईट गेली यांची. बसूनच होते.

२९ मे
कापडी कुंडी आहे, पाणी लगेच सुटतं. तुळशीला घालते तेव्हाच यालाही घालते. आधी तुळस, मग हे. तांदळाचं धुवण घालू का विचारलं तर रे. "नो नो" म्हणाली.

रे. याला "ऑटो" म्हणते. म्हणजे दिवस लहान-मोठा होण्याची वाट बघत नाही, आपल्या वयाने आपोआप फुलतं. मी यांना तेवढंच सांगितलं, ऑटो जातीचं आहे. हे म्हणाले, "जन्म गेला ऑटोवाल्यांना एसटी स्टँडच्या फाटकाबाहेर काढण्यात, आता लेकीच्या दारात ऑटो." बऱ्याच दिवसांनी काही गमतीचं बोलले. हसायला गेले आणि बरगडी धरून बसले.

६ जून, शुक्रवार
एकादशी. झाड गुडघ्याच्या खाली, पण दाट. पानं पंजासारखी, ती मात्र कुणीही ओळखील. हे डेकवर खुर्ची टाकून बसतात, तोंड त्याच बाजूला. काही विचारत नाहीत.

लेकीकडे राहून पाच वर्षं झाली. हे कधी बोलले नाहीत, पण जावयांसमोर कण्हत नाहीत. जावई ऑफिसला गेले की मग आवाज येतो.

१४ जून, शनिवार
आज झाड नीट केलं. टोकाला बारीक पांढरे केस आले होते, मंजिरी धरतंयसं दिसलं. मंजिऱ्या ठेवल्या की तुळस म्हातारी होते, खुडल्या की फुटते, हे आईने शिकवलेलं. तसेच शेंडे खुडले. मधला आणि बाजूचे सहा. निर्माल्याबरोबर टाकले. आता चांगलं पसरेल.

१५ जून, रविवार
रे. झाड बघून आली.
"आई, वर काय केलंस?"
"मंजिऱ्या खुडल्या."
"अगं, तेच हवं होतं. औषध फुलात असतं. पानांत जवळजवळ काही नाही."
"परत येतील की."
"याला थांबता येत नाही आई. ऑटो आहे. याचं वय पुढे चाललंय, खुडलं म्हणून मागे येत नाही."

निर्माल्याच्या बादलीत हात घालून बघितलं. कुजायला लागलं होतं.

दुसरं बी मागवू म्हणाली. म्हणजे सप्टेंबर उजाडणार. तोवर यांच्या रात्री? खालच्या फांद्यांना बारीक टोकं राहिली आहेत, चार-पाच. आधी त्यांचं काय होतं ते बघू म्हटलं.

मी आज एकच वेळ जेवले. कुणाला सांगितलं नाही.

२३ जून
यांनी अर्धी गोळीही सोडली. म्हणाले, पडून कंबर मोडली तर लेकीने किती करायचं. रे. रडली, मग ओरडली, "बाबा, यू कान्ट जस्ट डिसाइड!" हे म्हणाले, "मराठीत भांड."

दुपारी पंख्याखाली पालथे पडून होते. पाठीवर वारा लागला तरी झोंबतो, नाही लागला तरी आग होते. काय करावं माणसाने.

खालच्या टोकांवर फूल धरतंय. लहान आहे.

६ जुलै, रविवार
एकादशीचं भजन आमच्याकडे. बारा-तेरा माणसं. साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ. खिडक्या उघड्या ठेवल्या आणि वास आत आला. गेल्या आठवड्यापासून झाडाला वास सुटलाय, उग्र. मी आणखी उदबत्त्या लावल्या.

मंडळाच्या शीलावहिनी नाक मुरडून म्हणाल्या, "काय हो, स्कंक येतो वाटतं तुमच्या मागे? आमच्याकडे पण आहे एक, मेला कचरा उपसतो आणि घाण वास सोडून जातो."
मी काही बोलायच्या आत हे म्हणाले, "हो, येतो. संध्याकाळचा."

आयुष्यात यांना खोटं बोलताना ऐकलं नव्हतं. स्टँडवर गाडी दहा मिनिटं लेट असली तर दहाच सांगायचे, पाच नाही. यांनी टाळ उचलले.

यांना वाटलं असेल खरंच स्कंक. बाकी काय.

१९ जुलै, शनिवार
फुलं भरली. अंगठ्याएवढी एकेक, चिकट. जपानी भुंगे पानं खातात. सकाळी साबणाच्या पाण्यात एकेक वेचून टाकते. जीव जातो त्यांचा. क्षमा मागते आणि टाकते.

रे. भिंगातून बघते. अजून आठवडा म्हणाली.

हे काल सगळी रात्र खुर्चीत. रात्र खर्ची पडली, जमेला काही नाही.

२८ जुलै, सोमवार
श्रावणातला पहिला सोमवार. यांचा उपास. नको म्हटलं, ऐकत नाहीत. अंगात काय राहिलंय उपास करायला.

पूजा करताना मनात आलं, शंकराला भांग चालते. मग माणसाला का नाही. देवाशी वाद घालायचा नाही म्हणून पुढचं स्तोत्र म्हटलं.

रे. म्हणाली, उद्या कापायचं, उद्या रात्री पाऊस आहे. ओली झाली तर फुलं बुरसटतील.

२९ जुलै, मंगळवार
नागपंचमी. पाटावर नाग काढला, दूध-लाह्या दाखवल्या. आज चिरणं नाही, कापणं नाही, तवा नाही. उकडीची दिंडं केली.

रे. कात्री घेऊन आली. मी किल्ली दिली नाही.
"आई, झाड आहे ते, नाग नाही."
"नागिणीसाठीच लावलंय ना? मग आज नाही कापायचं."
"आणि बुरशी आली तर? एवढीशी फुलं आहेत आई, तीही जातील."
"जाऊ देत" म्हणवेना. पण किल्लीही देववेना.

शेवटी जावयांनी बीचवरची मोठी छत्री आणून कुंडीवर बांधली. दोऱ्या चार बाजूंनी. भिजत बांधली. मला लाज वाटली.

३० जुलै, बुधवार
पाऊस झाला. फुलं कोरडी. नमस्कार करून कापली. पाच काड्या. रे.ने तळघरात दोरीवर उलट्या टांगल्या.

रिकामी कुंडी बघवत नाही. हे डेकवरून म्हणाले, "झालं का तुमचं?" एवढंच.

८ ऑगस्ट, शुक्रवार
काड्या वाळल्या, मोडल्या की टक्कन आवाज होतो. रे.ने काल फुलं मंद ओव्हनमध्ये भाजली, मी घरच्या तुपात मंद आचेवर शिजवली. पंचा लावून गाळलं. हिरवट झालंय, वास जात नाही. मुरंब्याची लहान बरणी, तीही गळ्यापर्यंत नाही. वरचे शेंडे असते तर तीन झाल्या असत्या.

रे. आणि जावयांनी काल रात्रीच बोटभर चाटून बघितलं. डोकं फिरलं नाही, काही नाही.

मग रे. हळूच म्हणाली, "उद्या नारळीभात करशीलच. बाबांच्या वाढपात हेच तूप घाल. वेलची-लवंगेत वास कळणार नाही. सांगू नकोस. बरं वाटलं की मग सांगू."

४४ वर्षं मी यांचं ताट वाढतेय. ताटात काय आहे हे यांनी कधी विचारलं नाही. म्हणूनच कठीण आहे.

९ ऑगस्ट, शनिवार
नारळी पौर्णिमा. भात साध्या तुपातच केला. यांचं ताट घेतलं, बरणीचं झाकण काढलं, चमचा बुडवला. चमचा परत बरणीत निथळू दिला.

बरणी उचलून टेबलावर यांच्यासमोर ठेवली. म्हटलं, "यात त्या झाडाचं आहे. गांजाच्या जातीचं आहे. रेवा म्हणते नशा नाही. तुमच्या दुखण्यासाठी केलंय. घालू का?"
रे.ने डोळे मिटून घेतले.

हे म्हणाले, "मला वास ओळखता येत नाही होय? बत्तीस वर्षं स्टँडवर काढली."
"मग बोलला का नाहीत?"
"तू पाणी घालत होतीस. म्हटलं घालू दे."

भात जेवले, साध्या तुपाचा. बरणीकडे बघितलं, हात लावला नाही.

११ ऑगस्ट, सोमवार
आज आपणहून बोलले. उपास सोडताना.
"साळुंके आठवतो?"
आठवला. यांच्या आगारातला ड्रायव्हर. गांजा ओढताना गाडीमागे सापडला होता. यांनी रिपोर्ट केला, त्याची नोकरी गेली. त्याची बायको आमच्या घरी आली होती, मुलगी कडेवर. मी चहा दिला. ती न पिता गेली.

"तो मला म्हणाला होता, साहेब, पाठ इतकी दुखते की ओढल्याशिवाय स्टेअरिंगवर बसवत नाही. मी म्हटलं, सगळे गांजेकस हेच सांगतात."
मी म्हटलं, "गाडीत माणसं असायची. तुम्ही काय चूक केलीत?"
"रिपोर्ट चूक नव्हता. आज असतो तरी केला असता. पण त्याचं दुखतंय हे मी खोटं धरलं. आता रोज रात्री बसतो ना खुर्चीत, तेव्हा कळतं, ते खोटं नव्हतं."

रे. म्हणाली, "बाबा, धिस इज मेडिसिन. याचा त्याच्याशी काय संबंध?"
"तुझ्या दृष्टीने नाही. बरोबर आहे तुझं."
"मग घ्या ना."
"त्याच्याजवळ हे कबूल करून, मी घेऊ का असं विचारल्याशिवाय घशाखाली उतरणार नाही, बाळ."

रे. उठून गेली. वर तिच्या खोलीचं दार आपटलं. मला तिचं पटतं. यांचंही पटतं. मधे मी.

१३ ऑगस्ट
पुतण्याला, संजयला, गावी फोन केला. साळुंके कुठे असतात, असतात का, शोध म्हटलं. तो हसला, "काकू, चाळीस वर्षांपूर्वीचा माणूस?" मी म्हटलं, डेपोसमोरच्या टपऱ्यांवर विचार, जुनी माणसं बसतात तिथे.

हे काल दोनदा कण्हले, जावई घरात असताना. आता तेही लपवता येत नाही.

रे. बोलत नाही यांच्याशी. सकाळी ताक मात्र आठवणीने घुसळून ठेवते.

१६ ऑगस्ट, शनिवार
संजयचा फोन नाही. मीच केला. एकाने सांगितलं म्हणे, साळुंके पुण्याकडे मुलीकडे असतो. दुसऱ्याने सांगितलं, वारला. दोघंही छातीठोक.

यांना दोन्ही सांगितलं. लपवायचं नाही असं ठरवलंय आता. हे म्हणाले, "वारला असेल तर मग कुणाला विचारायचं?"

बरणी फ्रीजमध्ये आहे. रे. म्हणते, टिकेल, पण जन्मभर नाही.

१८ ऑगस्ट, सोमवार
संजयचा फोन आला. साळुंके आहेत. पुण्याकडेच, मुलीजवळ. ऐकायला कमी येतं. मुलीशी संजयचं बोलणं झालं. यांचं नाव सांगितल्यावर ती म्हणाली, "बाबांना विचारते. त्यांना बोलायचं असेल तर उद्या आमच्या संध्याकाळी लावा." म्हणजे आपल्या सकाळी.

यांना सांगितलं. यांनी विचारलं, "कुठली मुलगी? ती कडेवरची?"
म्हटलं, तीच असेल. एकच होती.
"तिने फोन द्यायला पाहिजे असं काही नाही," म्हणाले.

रे. जिन्यात उभी राहून ऐकत होती. खाली आली, यांच्या शेजारी बसली, डाव्या बाजूला नाही, उजव्या. म्हणाली, "मी ऑफिसला उशिरा जाईन उद्या. फोन मी लावून देते."

पूजा आवरली. स्वयंपाकघरात गेले तर हे फ्रीजसमोर उभे. दार उघडं, थंड हवा बरगडीला लागू नये म्हणून तिरके उभे. म्हणाले, "हे थिजलंय. सकाळी वाढायचं झालं तर आत्ताच बाहेर काढायला हवं, नाही का?"
"वाढायचं आहे का?"
"ते उद्या कळेल."

बरणी ओट्यावर काढून ठेवली आहे.